पहिला भेटेल त्यानं नाव ठेवायचं

आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला, आमच्या घराला तीनच भिंती स्वतःच्या होत्या. चौथी शेजाऱ्यांशी सामायिक होती, आणि इतकी पातळ की पलीकडे कुणी शिंकलं तर स्मितावहिनी इकडून ‘शतंजीव’ म्हणायची. घर माझ्या चुलतभावाचं, विनूदादाचं. वहिनी त्याची बायको, अस्सल पुण्याची. दादा आठवड्यातून दोन दिवस चेरीवूडच्या ऑफिसात जायचा, उरलेले दिवस वरच्या खोलीत हेडफोन लावून बसायचा. मी त्यांच्याकडे पुढच्या बाजूच्या इवल्याशा खोलीत राहत होतो. एमएस्सी संपली होती आणि मी नोकरी शोधत होतो, म्हणजे खरं सांगायचं तर सकाळी दहाला उठत होतो. पलीकडे मात्र साडेपाचलाच हालचाल सुरू व्हायची. आधी किटली, मग जिन्यावर जड पावलं, मग दार. तो अंद्री, मांसाच्या कारखान्यात कामाला जायचा. सातच्या सुमाराला त्याची आई मोबाइलवर प्रार्थना लावायची आणि त्या तालावर कोबी चिरायची. आमच्याकडून उत्तराला कुकर असायचा. अंद्रीच्या बायकोनं, हालिनानं, एकदा कुंपणावरून अगदी काळजीनं विचारलं होतं, की तुमच्या घरात रोज तीनदा कोण किंचाळतं? वहिनीनं तिला आत आणून ओट्यावरच्या प्रेसमधला कुकर दाखवला. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, हे कळायला मला दोन महिने लागले होते.

त्या घरात माझी अब्रू पहिल्याच आठवड्यात गेली. कागदोपत्री मी मिहिर. कॉलेजातही मिहिर, लिंक्डइनवरही मिहिर. पण आईचा अमरावतीहून फोन आला तेव्हा तो चुकून स्पीकरवर होता, आणि तिनं नेहमीच्या चढ्या आवाजात विचारलं, “कोंडबा, जेवला का रे?” वहिनी पोळी लाटता लाटता थांबली. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते आजतागायत. “कोंडबा, जरा ग्रीन बिन बाहेर ठेव.” “कोंडबा, तुझा इंटरव्ह्यू कसा झाला? ग्रँड?” मी हसण्यावारी न्यायचो, पण मला ते नाव मुळीच आवडत नव्हतं. लहानपणी तर त्यासाठी मी मारामाऱ्या केल्या होत्या. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली होती. म्हणून मी झाल्यावर आमच्या आत्यानं जुनी रीत केली: मला सुपात घालून दाराबाहेर ठेवलं, ती वाटसरूसारखी रस्त्यावरून आली, आणि आईला मूठभर कोंडा देऊन तिनं मला विकत घेतलं. कोंड्याच्या भावात मिळालेलं पोर, त्यावर कुणाची नजर जाणार? नावही मग तेच. ही गोष्ट मी तोवर एकाही मित्राला सांगितली नव्हती.

शेजाऱ्यांशी आमचं नातं भांड्यांमुळे जमलं. अंद्रीची आई स्टेफानिया; आम्ही तिला आजी म्हणायला लागलो, ती आम्हाला काय म्हणायची ते कळलं नाही. अंद्री बरीच वर्षं आयर्लंडमध्ये होता. त्यांच्या देशात लढाई सुरू झाल्यावर त्यानं आईला बोलावून घेतलं. ती एक पिशवी घेऊन आली होती, आणि त्या पिशवीत निम्म्या जागेत बियाणं. तिनं पहिल्यांदा बिटाचं लालभडक सार पाठवलं. वहिनीनं आधी मांस आहे का ते विचारून घेतलं. होतं. दुसऱ्या दिवशी आजीनं बिनमांसाचं वेगळं करून पाठवलं. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून वहिनीनं त्यात साबुदाण्याची खिचडी घातली. मग कळलं की त्यांच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत. झालं! त्यानंतर दीड वर्ष तो एक निळा डबा या दारातून त्या दारात फिरत होता, आणि थांबवायचा कसा हे दोन्ही घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं. आजही मला आजीच्या सारातल्या, बडीशेपेसारख्या शेपूच्या वासानं भूक लागते, आणि शेपू मी घरी कधी तोंडात घातला नव्हता.

हालिना गरोदर होती. हे तिनं वहिनीला कपडे वाळत घालताना सांगितलं, आणि त्याच दमात हेही सांगितलं की ही तिसरी खेप. पहिला मुलगा जन्मल्यावर सात दिवस जगला. त्याला तिच्या वडिलांचं नाव दिलं होतं. दुसरं पोटातच गेलं. वहिनीनं त्या संध्याकाळी मला कोंडबा म्हटलं नाही. नंतर एका दुपारी पलीकडे एकदम धावपळ झाली, गाडीचा दरवाजा आपटला, आणि मग तीन दिवस भिंतीपलीकडून काहीही ऐकू आलं नाही. प्रार्थनाही नाही, कोबीही नाही. बाळ दोन-अडीच महिने आधीच आलं होतं. मुलगा. काचेच्या पेटीत ठेवला होता, नाकातोंडात नळ्या. पेटीवरच्या कार्डावर आईचं आडनाव आणि पुढे ‘बाळ’, इतकंच. नर्सनं नाव विचारलं तर हालिनानं मान फिरवली म्हणे. अंद्रीनं समजावलं, आजीनं समजावलं. ती म्हणाली, “नाव दिलं की हाक मारावीशी वाटते. एकाला सात दिवस मारली. पुरे झालं.”

चौथ्या दिवशी सकाळी आमचा बिन बाहेर ठेवायचा वार होता. मी हाफ पँट, स्वेटशर्ट आणि बाथरूमच्या स्लिपर घालून तो ढकलत फाटकापर्यंत आलो, आणि शेजारच्या फाटकातून आजी बाहेर पडली. डोक्याला चांगला रुमाल, हातात नक्षीच्या टॉवेलात गुंडाळलेला गोल पाव. तिनं मला पाहिलं आणि ती जागच्या जागी थबकली. मागून अंद्री धावत आला. त्याचा चेहरा चार दिवस न झोपलेल्या माणसाचा होता. आजी त्याच्याशी भरभर बोलली, त्यानं दोनदा नकारार्थी मान हलवली, ती आणखी जोरात बोलली. शेवटी तो माझ्याकडे वळला आणि संकोचून म्हणाला, “मित्रा, माफ कर. आईची एक जुनी रीत आहे. आमच्या गावाकडे ज्या घरात मुलं टिकत नाहीत, तिथं मुलाचा कूम नात्यातला घेत नाहीत. कूम म्हणजे मानलेला बाप. पाव घेऊन घराबाहेर पडायचं, आणि वाटेत जो पहिला भेटेल त्यालाच करायचं. तोच मुलाला नाव देतो. त्याला नाही म्हणता येत नाही.”

मी बिनचं हँडल सोडलं. माझ्या तोंडून निघालं, “पण मी हिंदू आहे.” अंद्रीनं आईला सांगितलं. ती माझ्या स्लिपरांकडे बघून काहीतरी बोलली. “ती म्हणते, रस्त्यावर चालत होतास ना? मग झालं. चर्चच्या वहीत गॉलवेच्या माझ्या भावाचं नाव लागेल. पण वाटेत भेटलास तू.” तिनं पाव माझ्या हातात दिला. तो अजून गरम होता. मी हो म्हणालो, कारण दुसरं काही सुचेना, आणि खरं सांगायचं तर मला अभिमानही वाटला. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुठेतरी पहिला आलो होतो.

त्यांच्या स्वयंपाकघरात हालिना बसली होती. दोन तास झोपायला आणि कपडे न्यायला घरी आली होती. तिच्यासमोर चहा गार होत होता. आजीनं मला टेबलाच्या टोकाला, मानाच्या जागी बसवलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथे मी जी चूक केली ती आमच्याकडच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. मला वाटलं, ही रीत तर मला पाठ आहे! टिकत नसलेल्या पोराला काय नाव द्यायचं, हे माझ्याहून चांगलं कोण सांगणार? टाकाऊ. कुणी ढुंकून बघणार नाही असं. मी मोठ्या जाणत्याच्या आवाजात, शुद्ध इंग्रजीत सांगितलं, “दगड ठेवा. किंवा केर. केरकचरा. आमच्याकडे हेच सगळ्यात चांगलं समजतात.”

अंद्रीनं त्याचं भाषांतर केलंच नाही. पण हालिनाला इंग्रजी येत होतं. “कचरा?” ती म्हणाली. “माझा मुलगा कचरा?” ती ओरडली नाही. उठली, खुर्ची नीट आत सारली, वर गेली, आणि खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मी काहीतरी पुटपुटत बाहेर पडलो. पाव माझ्या हातातच राहिला होता. इतकी लाज मला नंतर कधीही वाटली नाही, नोकरीवरून काढलं तेव्हाही नाही. वहिनीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, “अरे, एक तर चड्डीवर गेलास, आणि वर हे बोललास?”

मी आईला फोन लावला. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नुसतं नाव सांगून आला तू? अन् आपली गोष्ट?”

“गोष्ट कशी सांगू आई? चार लोकांत?”

“अरे बाप्पा, गोष्टीबिगर ते नाव म्हणजे शिवीच होते ना! त्या बाईले काय माहीत तू कोन आहे ते? जाय परत. तुह्यं नाव सांग तिले. माह्ये दोन गेले म्हणून सांग. अन् तिसरा हा समोर उभा आहे, चांगला ढोरासारखा वाढला आहे, म्हणून सांग.” मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, “लाज वाटते तुले त्या नावाची. मले माहीत आहे. पन आज नको वाटू देऊ.”

मी परत गेलो, या वेळी पूर्ण पँट घालून. हालिना जिन्याच्या खालच्या पायरीवर बूट घालत बसली होती, हॉस्पिटलला निघालेली. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो आणि म्हणालो, “माझं खरं नाव कोंडबा आहे. धान्य पाखडल्यावर उरतो तो कोंडा. माझ्या आईची दोन मुलं गेली होती.” मग सगळं सांगितलं. सूप, दार, आत्या, मूठभर कोंडा. हेही सांगितलं की त्यानंतर वर्षभर आई मला स्वतःचा मुलगा म्हणत नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायची, नणंदेचं पोरगं आहे, सांभाळायला ठेवलंय.

हालिनानं बूट तसाच हातात धरला होता. “वर्षभर?” तिनं विचारलं. “दूध पाजताना पण?”

“पाजताना पण.”

ती रडायला लागली. तिच्यामागे उभा राहून अंद्री हे सगळं आईला सांगत होता, आणि आजी मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. मग ती आमच्याजवळ येऊन त्याच पायरीवर कशीबशी टेकली आणि बोलू लागली. अंद्री वाक्य वाक्य करून सांगत होता. “ती म्हणते, तुमची माणसं शहाणी आहेत. तुम्ही मुलाला लपवता. आम्ही लपवत नाही, आम्ही उलटं करतो. आम्ही मोठ्यानं सांगतो की हा आमचा नाहीच, हा देवाचा, त्यानं दिलाय. कुणाला हात लावायचा असेल तर आधी त्याला विचारा. तिच्या गावात फार वाट बघून झालेल्या मुलाला हेच नाव देत. रस्त्यावर सापडलेल्या पोरालाही हेच. आणि बाप्तिस्मा व्हायच्या आधी, दुसरं नाव नसलेल्या बाळालासुद्धा तोवर याच नावानं बोलवत. बोहदान. बोह म्हणजे देव. दान म्हणजे दिलेला.”

“देवदत्त!” मी जवळजवळ ओरडलोच. “अहो, हे तर आमच्याकडेही आहे! माझ्या वर्गात दोन होते.”

पुढे कधीतरी मी हे वाचून काढलं. भाषेचा अभ्यास करणारे सांगतात की त्यांचा ‘बोह’ आणि आपल्या ‘भगवान’मधला ‘भग’ एकाच कुळातले, आणि त्यांचं ‘दान’ तर आपल्या दानाचं सख्खं भावंडच. चर्चबरोबर ग्रीक संतांची नावं त्यांच्या गावोगाव आली, पण हे नाव त्यांच्या स्वतःच्या बोलीतल्या शब्दांचं, घरचं राहिलं; काहीजण म्हणतात की तेही एका ग्रीक नावाचं भाषांतर आहे. असेल. मला त्या पायरीवर यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की एका मुलाला जगवायला एका गावानं त्याला कवडीमोल ठरवलं, दुसऱ्यानं देवाची ठेव ठरवलं, आणि दोन्हीकडच्या बायका तितक्याच घाबरलेल्या होत्या.

“पण ते तुझ्या तोंडून यायला हवं,” अंद्री म्हणाला. “तू भेटलेला आहेस.”

मी म्हणालो, “बोहदान.” आजीला माझा ‘ह’ पसंत पडला नाही, तो घशातून यायला हवा होता. तिनं तीनदा म्हणवून घेतलं. हालिना बुटाची नाडी बांधत होती. खाली मान घालूनच ती म्हणाली, “कार्डावर लिहा. तुम्ही सगळे म्हणा. मी नाही म्हणणार. अजून नाही.” कुणीही तिला आग्रह केला नाही.

कुमानं बाळासाठी पांढरं कापड द्यायचं असतं, हे मग कळलं. माझ्याकडे आईनं पूजेसाठी दिलेला एक सुती पंचा होता. पूजा मी एकदाही केली नव्हती, त्यामुळे तो कोरा होता. वहिनीनं तो दोनदा उकळत्या पाण्यातून काढला, इस्त्री केली, आणि हालिनानं तो हॉस्पिटलला नेला. नर्सनं परवानगी दिल्यावर त्याचा एक तुकडा पेटीत अंथरला. अमरावतीच्या गांधी चौकात घेतलेला पंचा!

त्यानंतरचे पाच आठवडे मी दहाला उठलो नाही. साडेपाचला जागा होऊन जिन्यावरची अंद्रीची पावलं ऐकायचो. पावलं हळू असली की मी फोन हातात घेऊन बसायचो. कामावर जाण्याआधी तो हॉस्पिटलला डोकावून यायचा आणि मला मेसेज टाकायचा: वजन, प्राणवायू, रात्र कशी गेली. एकदा बाळाला जंतुसंसर्ग झाला आणि दोन दिवस मेसेजच आला नाही. त्या दोन दिवसांत विनूदादानं, ज्याला मी कधी देवापुढे उभा राहिलेला पाहिला नव्हता, गुपचूप उदबत्ती लावली, वासावरून कळलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर पलीकडून धाड धाड आवाज झाला. आजी सार ढवळायचा डाव ठोकत होती. आम्ही तिघंही घाबरून बाहेर धावलो, तर ती दारात उभी, डाव हातात, आणि नाकाकडे बोट दाखवून हात हवेत झटकत होती. नळी काढली! तो स्वतः श्वास घेत होता! मी तिथेच रस्त्यावर हमसून हमसून रडलो. वहिनीनं आजीला मिठी मारली, दादा उगाच सगळ्यांना “ग्रँड, ग्रँड” म्हणत राहिला. छातीवरची धोंड उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अक्षरशः हलकं वाटतं, पाय जमिनीवर नीट पडत नाहीत. वहिनीनं शिरा केला, आणि निळ्या डब्यात मावेना म्हणून पातेलंच पाठवलं.

बोहदान घरी आला. मग चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. वहीत गॉलवेच्या भावाचं नाव, मेणबत्ती धरायला मी. त्याची सगळ्यांनी सगळी रूपं केली. अंद्री बोहदानको म्हणायचा, वहिनी सरळ देवबाप्पा. फक्त हालिना त्याला ‘लहानगा’ म्हणायची, नाहीतर नुसतंच ‘हा’. हा झोपला, हा प्यायला, ह्याला ताप नाही ना? रात्रंदिवस त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची. त्याच्याशी इतकं जपून, इतकं हळू बोलायची की जणू तो उसना आणलेला आहे. डॉक्टरांनी सांगितलं की आता काळजीचं कारण नाही. तिनं मान डोलावली आणि पुन्हा हात ठेवला. आजी मला एकदा कुंपणावरून बोटांनी खूण करून म्हणाली, थांब, थांब. तिला जे मराठी यायचं त्यातला तो एक शब्द होता.

मग एके दिवशी सकाळी मी इंटरव्ह्यूला निघालो होतो, तर हालिना बाबागाडी घेऊन फाटकाशी. लस टोचून घ्यायला उशीर होत होता. पाऊस पडून गेलेला, सगळीकडे डबकी. बोहदानसाहेबांनी टोपी काढून फेकली. तिनं उचलली, घातली. त्यानं पुन्हा फेकली. तिनं झटकली, पुन्हा घातली, नाडी बांधली. तिसऱ्यांदा त्यानं ती नाडीसकट ओढली आणि नेमकी डबक्यात टाकली.

“बोहदाने!” हालिना ओरडली.

त्यांच्या भाषेत हाक मारताना नाव असं लांबतं. ती अख्ख्या गल्लीला ऐकू गेली. समोरच्या घरातला कुत्रा भुंकला. हालिनाचा हात एकदम स्वतःच्या तोंडावर गेला, आणि ती तशीच उभी राहिली, डोळे मोठे करून. बाळानं तिच्याकडे निरखून पाहिलं. इतक्या मोठ्यानं कुणी त्याच्याशी बोललंच नव्हतं. मग त्याला फार मजा वाटली असावी, कारण तो बोळकं उघडून हसला, आणि त्यानं एक मोजाही काढून फेकला. हालिनानं तोंडावरचा हात काढला, कमरेवर ठेवला, आणि चिखलातली टोपी त्याच्या नाकासमोर नाचवत त्याला चांगलं लांबलचक झापलं. दर वाक्याला नाव होतं.

मी उलट्या पावली घरात धावलो. वहिनी भांडी घासत होती. “वहिनी,” मी म्हणालो, “हालिना त्याच्यावर ओरडली. नाव घेऊन ओरडली.”

वहिनीनं नळ बंद केला. बाहेर अजून झाडाझडती चालू होती. ती ओले हात पुसत म्हणाली, “ओरडली ना? मग आता तो राहिला.”